लॅपटॉप : निवड आणि निगा



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वस्तू पारखून घेण्याची रीत जुनी आहे. बैल घ्यायचा झाला तर कास्तकार त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच दाव्याला हात लावतो. शिंगांच्या रंगाला भुलून कोणी बैल घेत नाही. पण हाच शहाणा माणूस लॅपटॉपच्या दुकानात शिरला की बावरतो. समोर डझनभर यंत्रे उघडी मांडलेली असतात, प्रत्येकावर रंगीत चित्र हलत असते आणि खालच्या चिठ्ठीवर न समजणारे आकडे असतात. दुकानदार म्हणतो, "घ्या न गुरुजी, यात सगळं आहे." आणि गुरुजी ते घेऊन घरी येतात.

या "सगळं आहे" मध्ये नेमके काय आहे, त्यातले आपल्या कामाचे किती, आणि घरात किंवा शाळेत आणल्यावर ते यंत्र पाच-सात वर्षे कसे टिकवावे, एवढ्याच गोष्टी मी आज सांगणार आहे.

प्रथम विषय नीट मांडून घेऊ. संगणक दोन तऱ्हांचे असतात हे आता सर्वांना ठाऊक आहे. एक टेबलावरचा, म्हणजे डेस्कटॉप. त्याची पेटी वेगळी, पडदा वेगळा, कळफलक वेगळा. दुसरा लॅपटॉप, सगळे एकाच घडीत बसवलेला. लॅपटॉपमध्येही पुन्हा दोन जाती आहेत. एक हलका, पातळ, प्रवासात पिशवीत घालून नेण्याचा. दुसरा मोठ्या पडद्याचा, वजनाने दोन-अडीच किलोचा, बऱ्याच वेळा टेबलावरच राहणारा आणि डेस्कटॉपची जागा घेणारा. लेखन, हिशेब, चित्र, आवाज आणि चलच्चित्र ही सगळी कामे एकाच यंत्रावर करावयाची म्हणून त्याला मल्टिमीडिया लॅपटॉप म्हणतात. आज आपण बोलणार आहोत ते या दुसऱ्या जातीविषयी.

उचलून नेता येईल असा संगणक ही कल्पना फार जुनी नाही. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न नावाचा असा पहिला यशस्वी संगणक बाजारात आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा पाच इंचांचा होता आणि आत बॅटरीच नव्हती. म्हणजे उचलून न्यायचा, पण जेथे वीज असेल तेथेच चालवायचा. पुढे १९९०च्या सुमारास मल्टिमीडिया हा शब्द दुकानांत आला. त्या वेळी ज्या संगणकात २ एमबी रॅम आणि ३० एमबीची डिस्क असेल, सीडी वाजेल आणि आवाज निघेल, तो मल्टिमीडिया संगणक ठरत असे. आज साध्या लॅपटॉपची रॅम त्याच्या चार हजार पट असते. तेव्हा आज मल्टिमीडिया या शब्दाने दिपून जाण्याचे कारण नाही. गाणे वाजवणे आणि चित्र दाखवणे ही आता प्रत्येक यंत्राची साधी कामे झाली आहेत. पाहावयाचे ते एवढेच, की हे काम ते किती चांगले करते आणि किती दिवस करीत राहते.

आता कोणी विचारील, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असताना हा खटाटोप कशाला? शिक्षकबंधूंना याचे उत्तर सांगावे लागणार नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत असे कोड आणण्याच्या त्यांच्या कामामुळे. कोडमागचा धडा मोबाइलवर दिसतो खरा, पण तो एका मुलाला दिसतो. तीस मुलांच्या वर्गात मोबाइल फिरवला तर पाहणारा एक आणि खोळंबणारे एकोणतीस, अशी गत होते. शिवाय मोबाइल पाहण्याचे साधन आहे, करण्याचे कमी. प्रश्नपत्रिका तयार करणे, यू-डायसची माहिती भरणे, मुलांच्या नाटकाचे चित्रण कापून-जोडून नीट करणे या गोष्टींना मोठा पडदा आणि खरा कळफलक लागतो.

आपल्या जिल्ह्यात याहून एक मोठे काम आहे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांतील कोलाम पोडांवरची मुले शाळेत येतात ती घरची कोलामी बोली घेऊन. पुसद, दिग्रस, दारव्हा भागांतल्या तांड्यांवरची मुले बंजारा बोली घेऊन येतात. पहिलीच्या वर्गात मराठी पुस्तक उघडले की त्यांना दोन पायऱ्या एकदम चढाव्या लागतात. एखाद्या शिक्षकाने गावातल्या म्हाताऱ्या बाईकडून चिमणी, पाऊस, चूल, बैल हे शब्द त्यांच्या बोलीत म्हणवून घेतले, आवाज नोंदवला, शेजारी चित्र आणि मराठी शब्द ठेवला, तर मुलाला शाळा परकी वाटत नाही. असा चित्राचा आणि आवाजाचा पाठ दुकानात विकत मिळत नाही. तो आपणच करावा लागतो आणि तो करण्याचे हत्यार म्हणजे हे यंत्र.

मात्र हत्यार महाग आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. समजा, लॅपटॉप ६०,००० रुपयांचा आहे. म्हणजे हमीभावानेच धरले तरी जवळजवळ साडेसात क्विंटल कापूस झाला. कोरडवाहू कास्तकाराच्या बहुधा एकराहून अधिक शेतातली ही वेचणी आहे. शाळेने लोकवर्गणीतून घ्यायचे म्हटले तरी पैसा याच शेतातून येतो. असे यंत्र दोन वर्षांत बंद पडले तर पैसा जातोच. शिवाय "संगणक आपल्या कामाचा नाही" अशी समजूत गावात होऊन बसते. मग पुढच्या वेळी वर्गणीला कोणी पुढे येत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न, डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप? दोन्ही बाजू प्रामाणिकपणे पाहू.

डेस्कटॉपची बाजू अशी. त्याच पैशात तो अधिक ताकदीचा मिळतो. त्याचे भाग सुटे असतात. पडदा बिघडला तर पडदा बदला, कळफलक बिघडला तर काही शे रुपयांत नवा आणा. दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते. पेटी मोठी असल्याने आत हवा खेळते, म्हणून तो तापतही कमी. लॅपटॉपमध्ये सगळे दाटीने बसवलेले असते. एका भागाच्या बिघाडासाठी पुष्कळदा अख्खा मुख्य फलक बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

आता लॅपटॉपची बाजू. ती एका शब्दात सांगायची तर, वीज. आपल्याकडे वादळवाऱ्यात तार तुटते, डीपी जळते आणि मग "लाईन केव्हा येते जी?" असे एकमेकांना विचारीत बसावे लागते. डेस्कटॉपला यूपीएस लावला तरी घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तग धरतो, तो केवळ काम साठवून यंत्र नीट बंद करण्यापुरता. त्याची बॅटरीही दोन-तीन वर्षांत बसते. लॅपटॉपच्या पोटात स्वतःची बॅटरी असते, ती काही तास चालते.

विजेचा खर्चही पाहा. डेस्कटॉप आणि त्याचा पडदा मिळून साधारण १२० वॉट वीज ओढतात असे धरू. मोठा लॅपटॉप साध्या कामात ४० वॉटच्या आत राहतो. रोज पाच तास वापर धरला तर महिन्याला डेस्कटॉपचे १८ युनिट होतात आणि लॅपटॉपचे ६. शाळेचे बिल कोणी भरायचे हा वाद ज्या गावांत आहे, तेथे हा फरक लहान नाही.

यावरून माझे म्हणणे असे. ज्या ठिकाणी वीज भरवशाची आहे, यंत्र कायम एका खोलीत राहणार आहे आणि खोलीला पक्के कुलूप आहे, तेथे डेस्कटॉप घ्यावा. त्यात कमीपणा नाही. पण जेथे लाईनचा भरवसा नाही, एकच यंत्र ऑफिसात, वर्गात आणि सुट्टीत गुरुजींच्या घरी अशा तीन जागी लागते, किंवा घरात वडिलांचे हिशेब आणि मुलीचा अभ्यास दोन्ही त्यावरच व्हायचे आहेत, तेथे मोठा लॅपटॉप योग्य. मात्र त्याला टेबलावरचे यंत्र म्हणूनच वागवले पाहिजे.

आता निवडीकडे येऊ. दुकानात जाण्याआधी घरी बसून एका कागदावर लिहा, या यंत्रावर रोज काय करणार आणि महिन्यातून एकदा काय करणार. लेखन, हिशेब, ऑनलाइन फॉर्म आणि धडे दाखवणे एवढेच असेल तर महागडे यंत्र घेऊ नका. चित्रण कापणे-जोडणे, मोठी चित्रे करणे, अभियांत्रिकीचे आराखडे काढणे ही कामे असतील तर थोडी ताकद जास्त हवी. हा कागद खिशात असला म्हणजे दुकानदाराच्या बोलण्यात माणूस वाहून जात नाही.

पहिली गोष्ट पडदा. पडद्याचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात. टेबलावर कायम वापरायचा तर १५.६ इंच, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर, हे माप पुरेसे आहे. १७ इंचांचा डोळ्यांना बरा, पण जड आणि महाग. पडदा चकचकीत नसावा. चकचकीत पडद्यावर दुकानात चित्र सुरेख दिसते, पण शाळेच्या उजेडाच्या खोलीत त्यात खिडकी दिसते आणि आपलाच चेहरा दिसतो. दुकानातच बाजूला सरकून तिरपे पाहा. बाजूने रंग फिके किंवा काळपट पडत असतील तर ते यंत्र वर्गाच्या कामाचे नाही, कारण मुले समोर एका रांगेत बसत नाहीत. पडद्याची बारकाई १९२० गुणिले १०८० बिंदूंहून कमी नको, नाहीतर मराठी जोडाक्षरे आणि काने-मात्रे फिसकटलेले दिसतात.

दुसरी गोष्ट रॅम आणि साठवण. यांत लोकांचा नेहमी घोटाळा होतो. साठवण म्हणजे धान्याची कोठी, आणि रॅम म्हणजे खळे. खळे लहान असले तर कोठी कितीही मोठी असो, मळणी रेंगाळतेच. आज ८ जीबी रॅम ही किमान समजावी. चित्रणाचे काम असेल तर १६ जीबी घ्यावी. काही यंत्रांत रॅम फलकाला डाग देऊन पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून एवढे जरूर विचारा, "पुढे रॅम वाढवता येईल काय?" साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, ती धक्क्याने बिघडते. एसएसडीत हलणारा भाग नाही आणि यंत्रही झटकन सुरू होते. मोबाइलवर काढलेले तासाभराचे चित्रण ५ ते ८ जीबी जागा घेते, हे लक्षात घेता ५१२ जीबी साठवण बरी.

तिसरी गोष्ट, वेगळे ग्राफिक्स कार्ड. दुकानात याची फार स्तुती होते. खेळ खेळणाऱ्यांना आणि रोज चित्रपटाची जोडणी करणाऱ्यांना ते लागते. पण असे यंत्र जास्त वीज ओढते, जास्त तापते, त्याचा पंखा घरघरतो, चार्जरही विटेएवढा असतो, आणि बॅटरीवर चालताना ते हात आखडते. धडे दाखवायला त्याची गरज नाही. तो पैसा रॅममध्ये आणि वॉरंटीत घाला.

चौथी गोष्ट, जोडण्याची भोके. टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडायला एचडीएमआय हवे. माउस, पेनड्राइव्ह, प्रिंटर यांसाठी यूएसबीची किमान तीन भोके असावीत. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी बहुधा चालत नाही. शाळेत जुन्या सीड्या असतील तर सीडीचा वेगळा ड्राइव्ह घेऊन त्यांतला मजकूर एकदा उतरवून ठेवा. हिशेबाचे काम फार असेल तर उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा असलेला कळफलक पाहा.

पाचवी गोष्ट, विंडोज. हे विशेषतः जुने यंत्र घेणाऱ्यांनी ऐकावे. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ सगळ्या जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा त्यानंतरची लागते. स्वस्त मिळतो म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा जुना लॅपटॉप पुष्कळ जण घेतात. त्यावर लिनक्स घालून लेखनाचे काम होऊ शकते, पण बँकेचे व्यवहार करण्यासाठी आधार संपलेले विंडोज वापरू नये.

मराठीविषयी दोन शब्द. मराठी लिहिणे युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी भलत्याच खुणा दिसतात, हा अनुभव अनेक शाळांनी घेतला आहे. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो, त्याला वेगळा पैसा पडत नाही. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, म्हणून थोड्या दिवसांच्या सरावात बोटे वळतात.

सहावी आणि सर्वांत दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे वॉरंटी. "एक वर्ष वॉरंटी" एवढे ऐकून उठू नका. मेकॅनिक घरी येणार की यंत्र घेऊन आपण जायचे, हे विचारा. घरी येणार असेल तर आपल्या गावच्या पिनकोडला येणार काय, ते कंपनीच्या फोनवर विचारून घ्या. झरी जामणीच्या किंवा उमरखेडच्या माणसाला दर वेळी यंत्र उचलून नागपूर गाठावे लागले तर गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी धरून स्वस्त यंत्रही महाग पडते. पक्के बिल घ्या. शाळेसाठी घेत असाल तर ते शाळेच्या नावाने असावे. यंत्राच्या पाठीवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना, ते तेथेच ताडून पाहा. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीची खूण असावी. तक्रार ऐकून घेतली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि पारख? बैल चालवून पाहतो तसे यंत्र चालवून पाहा. आपल्या पेनड्राइव्हवर एक मराठी पत्र, एक चित्र आणि एक चित्रण घेऊन जा. पत्र उघडा, दहा ओळी टाइप करा, चित्रण वाजवा. आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला नीट पोचतो काय ते पाहा. बहुतेक लॅपटॉपचा आवाज तीस मुलांना पुरत नाही, त्याला वेगळे स्पीकर लागतात. दुकानदार घाई करू लागला तर शांतपणे म्हणा, "भाऊ, पैसा आमचा आहे, पाहू द्या न जी जरा."

यंत्र घरी आले. आता त्याच्यासोबत राहायचे कसे?

पहिली काळजी उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. तेव्हा उन्हाळ्यात जड काम सकाळी लवकर किंवा रात्री करावे. टिनाच्या छपराखाली भर दुपारी चित्रण जोडायला बसू नये. लॅपटॉप गादीवर, सतरंजीवर, उशीवर ठेवू नये. त्याची हवा खालून आत जाते, ती वाट बंद होते. मागच्या बाजूला दोन लाकडी पट्ट्या ठेवून तो बोटभर उचलला तरी फरक पडतो. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. कूलरची हवा गार असली तरी ओलसर असते, आणि ओल आतल्या भागांना गंज चढवते. पंख्याची हवा चांगली.

दुसरी काळजी धुळीची. कापसाच्या हंगामात घरात कापूस भरलेला असतो, जवळपास जिनिंग असते. तो बारीक तंतू पंख्यात जाऊन बसतो, तेथे धूळ चिकटते आणि जणू नमदा तयार होतो. यंत्र विनाकारण तापू लागले, पंखा सारखा ओरडू लागला, तर समजावे की नाक चोंदले आहे. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर वेचणी संपल्यावर, जाणकाराकडून आतून साफ करून घ्यावे. काम नसताना वर स्वच्छ सुती फडके घालावे, पण यंत्र पूर्ण बंद करून, थंड झाल्यावर.

तिसरी काळजी विजेची. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की दाब उतरतो, हे आपणांस माहीत आहे. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, म्हणून कमी दाबाची भीती नाही. भीती आहे ती न्यूट्रल तुटून एकदम चढणाऱ्या दाबाची आणि आकाशातल्या विजेची. चांगला सर्ज रक्षक असलेला बोर्ड वापरा, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या भोकात कोंबू नका, आणि घरात अर्थिंग आहे काय ते वायरमनकडून तपासून घ्या. धातूच्या लॅपटॉपला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजा. ढग गडगडू लागले की प्लग काढा आणि बॅटरीवर काम करा. ही सोय डेस्कटॉपला नाही.

चौथी काळजी बॅटरीची. आजची लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरीची क्षमता वॉट-तासात लिहिलेली असते. ५० वॉट-तासांची बॅटरी असेल आणि लेखनाला १५ वॉट लागत असतील तर तीन तासांहून थोडे अधिक चालेल; चित्रण जोडताना ५० वॉट लागले तर तासभरच. जाहिरातीतले "दहा तास" या हिशेबाने तपासावे. या बॅटरीचे दोन शत्रू आहेत, उष्णता आणि कायम शंभर टक्के भरलेले राहणे. टेबलावरचा लॅपटॉप दिवसभर प्लगला असतो, म्हणून त्याची बॅटरी न वापरताच म्हातारी होते. पुष्कळ कंपन्यांच्या यंत्रांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते; ती सुरू करून ठेवा. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली की पन्नास-साठ टक्के भरून, यंत्र बंद करून, घरातल्या गार खोलीत ठेवा. बॅटरी फुगून कळफलक वर उचलला गेला तर यंत्र लगेच बंद करा. ती दाबू नका, टोचू नका, जाणकाराकडून बदलून घ्या. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, आग लागते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

पाचवी काळजी आपल्या शरीराची. लॅपटॉपचा पडदा खाली आणि कळफलक त्याला चिकटलेला, म्हणून तासन्‌तास काम करणाऱ्याची मान वाकते. उपाय स्वस्त आहे. लॅपटॉप एखाद्या पाटावर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, आणि वेगळा कळफलक व माउस जोडा. मगच तो खऱ्या अर्थाने डेस्कटॉपच्या जागी आला. शिवाय रोजची झीज त्या स्वस्त कळफलकाची होते, महागड्या यंत्राची होत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी नजर उचलून लांबच्या झाडाकडे पाहावे.

सहावी काळजी कामाची. एसएसडी बिघडते तेव्हा ती आधी कण्हत नाही. एका सकाळी यंत्र उघडतच नाही. महत्त्वाचे सगळे दोन जागी ठेवा. एक प्रत यंत्रात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी. कोलामी आजीचा नोंदवलेला आवाज एकदा गेला तर ती आजी पुन्हा बोलायला असेलच असे नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. महाग वस्तू घरात आली की आपण तिला जपतो, आणि जपता जपता कुलपात घालतो. शाळेतला संगणक कपाटात जातो, तपासणीच्या दिवशी बाहेर येतो. घरातला लॅपटॉप मुलाच्या हाती पडतो, आणि मुलीला म्हणतात, "तू हात नको लावू बाई, बिघडेल." श्रोतेहो, बोटांनी कळा दाबून संगणक बिघडत नाही. तो बिघडतो उष्णतेने, धुळीने, चढ्या विजेने आणि सांडलेल्या चहाने. शाळेत वहीवर पाळीपत्रक करा. कोणत्या वर्गाला कोणता वार, ते भिंतीवर लावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांसमोर यंत्र उघडा. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना मुलांनी काय केले ते दिसू द्या. घरीही तसेच करा. संध्याकाळचा एक तास मुलीचा म्हणजे तिचाच. प्रत्येकासाठी विंडोजमध्ये वेगळे खाते उघडता येते, म्हणजे एकाचे काम दुसऱ्याकडून पुसले जात नाही.

यंत्र किती रुपयांचे घेतले, याहून पाच वर्षांत किती हातांनी ते वापरले, याचा हिशेब ठेवा. ६०,००० रुपयांचा लॅपटॉप रोज वापरून पाच वर्षे टिकला तर दिवसाला ३३ रुपये पडतात. कपाटात राहिला तर साडेसात क्विंटल कापूस कपाटात सडला असे समजा.

तेव्हा दुकानात जाताना खिशात तीन गोष्टी असू द्या: कामांची यादी लिहिलेला कागद, आपल्या मराठी पत्राचा पेनड्राइव्ह आणि आपल्या गावचा पिनकोड. बाकी पारखण्याची नजर आपल्याजवळ आहेच.